रेमेदिओसबाईंची रस्त्यावरची भाषा

मस्कतमधल्या कुरुमच्या त्या बंगल्यात विशाखा पहिल्यांदा गेली ती २०१४ च्या जानेवारीत, आणि तिथल्या म्हाताऱ्या बाईंना काय हवंय ते तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. त्यांच्या मुलाला ते आठ दिवस कळलेलं नव्हतं.

विशाखा रेवाळे मूळची संगमेश्वरजवळच्या एका गावची. नर्सिंग शिकली, लग्नानंतर मस्कतला आली, आणि गेली नऊ वर्षं एका खाजगी क्लिनिकतर्फे लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळत होती. नवरा धनंजय वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट बनवायचा. मुलगी ज्ञानदा तिथेच शाळेत आठवीत होती. क्लिनिकची गाडी सकाळी सातला बिल्डिंगखाली यायची आणि हारूनभाई नावाचा ड्रायव्हर तिला कुरुमला सोडायचा.

पेशंटचं नाव रेमेदिओस. वय एक्याऐंशी, स्पेनमधल्या वायादोलिद शहरच्या. मुलगा गोन्झालो मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर इंजिनिअर होता. नाताळसाठी त्या त्याच्याकडे आल्या आणि आठवड्याभरात त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, पण शब्द सापडत नव्हते.

"माझ्या आईनं पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलं," गोन्झालो विशाखाला इंग्रजीत सांगत होता. पन्नाशीचा, उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "शुद्ध कॅस्टिलियन, पुस्तकातली स्पॅनिश. घरात आम्ही एखादा रस्त्यावरचा शब्द बोललो तर जेवणाच्या टेबलावरून उठवायची. आणि आता काय बोलते ते कळत नाही."

बाई उशांना टेकून बसल्या होत्या. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. पडद्यातून आलेलं ऊन त्यांच्या पांघरुणावर पाण्यासारखं हलत होतं. त्यांनी विशाखाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "पान्यी."

"हे बघा. हेच," गोन्झालो म्हणाला. "आठ दिवस हेच चाललंय. मी पंखा लावतो, पुस्तक देतो, खिडकी उघडतो. ती रडायला लागते."

विशाखानं बाईंना नीट सरळ बसवलं, टेबलावरचा पेला उचलला आणि चमच्यानं त्यांच्या ओठांना पाणी लावलं. बाईंनी घोट गिळला. मग आणखी एक. मग डाव्या हातानं त्यांनी विशाखाचं मनगट धरलं ते पेला संपेपर्यंत सोडलं नाही. औषधाच्या वेळी पाणी मिळत होतं त्यांना, पण मागितल्यावर मिळालं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांनी पाणी मागितलं, सर."

"कुठल्या भाषेत?"

विशाखानं रिकामा पेला टेबलावर ठेवला. "माझ्या," ती म्हणाली.

गोन्झालोला वाटलं योगायोग असेल. विशाखालाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ती बाईंचं अंग पुसायला लागली, खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आणि बाई अंग चोरून म्हणाल्या, "लाचा... लाचा." विशाखानं उठून दार लावलं, वरून चादर घातली. बाईंनी डोळे मिटून मान हलवली. जेवण नको झालं की त्या "नानाय" म्हणायच्या. संध्याकाळी गोन्झालो कामावरून आला की डोळे चमकायचे आणि त्या म्हणायच्या, "चावाल!"

त्यावर गोन्झालो लाल व्हायचा. "चावाल म्हणजे पोरगा. पण टवाळ पोरं एकमेकांना म्हणतात तसं. मी हा शब्द बोललो असतो तर हिनं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं असतं."

"आमच्याकडे छावा म्हणतात," विशाखा म्हणाली. "सिंहाच्या पिल्लाला."

तो आईच्या उशा सारख्या करू लागला.

परतताना तिनं हे सगळं हारूनभाईला सांगितलं. हारूनभाई हर्णैचा, त्याच्या घरात तीन पिढ्या जहाजावर. त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"यात नवल काय हाय भाभी? आमचे खलाशी कुठं कुठं गेले. एखादा गेला असंल तिकडं, सांडून आला असंल चार शब्द. आता हे बघा, इथले अरब फलाण म्हणतात, आपण फलाणा म्हणतो. कुणी शिकवला कुणाला? दर्यानं."

"पण लाज, हारूनभाई? लाज कोण जहाजातून नेतं?"

हारूनभाईनं सिग्नलला गाडी थांबवली. डावीकडे डोंगर तांबूस होत चालले होते. "बायका नेत असतील," तो विचार करून म्हणाला. "बाप्ये खजूर नि मसाले नेतात."

घरी धनंजयला गंमत वाटली. ज्ञानदानं मात्र मोबाइलवरून डोकं वर काढलं. "आई, म्हणजे ती लेडी मराठी आहे?"

"नाही गं."

"मग शी नोज पाणी, आणि मला तू बोलते की तुझी मराठी वीक आहे!"

विशाखा हसली, पण त्या दिवसांत तिचं मन घरात कमी आणि कुरुमच्या त्या खोलीतच जास्त असायचं. दुपारी बाईंना झोप लागायची. लांबून समुद्राचा आवाज यायचा, एसी मंद घरघरायचा, खोलीतला उजेड मधासारखा दाट व्हायचा. विशाखा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायची. एकदा तिला दिसलं की खूप माणसं चालली आहेत. बायकांच्या डोक्यावर बोचकी, पाठीला पोरं, पुढे गाढवं, मागे धूळ. रस्ता तिच्या गावाबाहेरचा वाटत होता, पण बाजूला भाताची खाचरं नव्हती, नुसते उघडे डोंगर होते, ओमानचेच. तिनं एकीला विचारलं, कुठं चाललात? ती बाई म्हणाली, माहीत नाही, तोंडात काहीतरी धरलंय, ते सांडायच्या आत पोचायचं. आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

विशाखा दचकून जागी झाली. बाई तिच्याकडेच बघत होत्या. त्यांनी हात लांबवला आणि म्हणाल्या, "दाय."

विशाखाच्या मनाला ते लागलं. तिच्या आजोळी बाळंतपणं करायला जी बाई यायची तिला दाई म्हणायचे. चार वर्षं शिकून, परीक्षा देऊन नर्स झालेल्या बाईला दाई? पण त्या पुन्हा म्हणाल्या, "मी दाय," आणि विशाखाचा तळहात स्वतःच्या गालाखाली घेऊन पुन्हा झोपल्या. नोकराला कुणी असं धरत नाही, एवढं तिला कळलं. शब्दाचा अर्थ कळला नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गोन्झालोनं तिला बैठकीच्या खोलीत बोलावलं. त्याची बोलायची पद्धत फार सभ्य होती, त्यामुळे मनाईचं बोलणं आणखीच जड वाटलं.

"सिस्टर विशाखा, एक विनंती आहे. आईचे ते शब्द... त्यांना तुम्ही उत्तर देऊ नका. ती पाणी मागेल तेव्हा 'आग्वा' म्हणायला लावा. तो नीट शब्द आहे. काल माझा सहकारी भेटायला आला होता. आई त्याच्याशी बाजारातल्या बाईसारखी बोलली. ती शुद्धीवर असती तर लाजेनं मेली असती. तिची अब्रू मला सांभाळायला हवी."

"पण सर, त्यांना तेवढेच शब्द सापडतात."

"म्हणून तर. तेवढेच राहिले तर?"

विशाखानं मान डोलावली. तो मुलगा होता, आणि त्याचं चुकत होतं असं तिला छातीठोक म्हणता येत नव्हतं. तिनं तीन दिवस हुकूम पाळला. बाई "पान्यी" म्हणाल्या की ती पेला हातात धरून म्हणायची, "आग्वा. आग्वा म्हणा." पहिल्या दिवशी बाई गोंधळल्या. दुसऱ्या दिवशी रागावल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि काहीच मागितलं नाही. दुपारचं सूप तसंच निवलं. विशाखानं पेला ओठांना लावला तर ओठ उघडले नाहीत.

त्या रात्री विशाखाला जेवण गेलं नाही. धनंजयनं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी एका म्हाताऱ्या बाईला पाण्यासाठी परीक्षा द्यायला लावली आज."

चौथ्या दिवशी तिनं व्हीलचेअर काढली, बाईंना शाल गुंडाळली आणि बंगल्यामागच्या रस्त्यानं सरळ समुद्राकडे नेलं. हवा थंड होती. ओहोटीमुळे वाळू दूरपर्यंत ओली, चकचकीत, आणि त्यात आभाळ उतरलेलं. विशाखा त्यांच्यासमोर उकिडवी बसली, समुद्राकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाली, "पाणी!"

बाईंनी मान वळवून लाटांकडे पाहिलं.

"पाणी," विशाखा पुन्हा म्हणाली. मग स्वतःचं नाक दाखवलं. "नाक."

"नाक," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजानं चमकल्या.

विशाखानं कान धरला. "कान." बाईंनी डाव्या हातानं आपला कान धरला, "कान" म्हणाल्या. मग त्यांनीच केस दाखवले. "बाल." विशाखाला हसू फुटलं. "बाल! आम्ही केस म्हणतो, पण बालही चालेल." बाई हसायला लागल्या. हसताना त्यांचं वाकडं झालेलं तोंड क्षणभर सरळ दिसलं. त्या शब्दामागून शब्द काढत होत्या, काही विशाखाला कळत होते, बरेचसे कळत नव्हते, आणि दोघींनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

गोन्झालो त्या दिवशी लवकर घरी आला. रिकामा पलंग बघून घाबरला, धावत समुद्रावर आला आणि मागे उभा राहिला. तो किती वेळ उभा होता ते विशाखाला समजलं नाही. वळून पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा रागाचा होता.

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो सर. माझी तक्रार करा. पण काल त्या जेवल्या नाहीत, आज जेवतील."

व्हीलचेअर त्यानं स्वतः ढकलत नेली. घरी बाईंनी वाटीभर सूप आणि अर्धा पाव खाल्ला. विशाखा निघायच्या बेतात होती तेव्हा तो लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसला.

"तुम्ही म्हणालात नाक. माझ्या भाषेत नाकाला नाक म्हणत नाहीत. मी आत्ता शोधलं." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. शब्दांची लांबलचक यादी होती. "ही जिप्सींची बोली आहे. आमच्याकडे त्यांना खितानो म्हणतात. हजार वर्षांपूर्वी हे लोक हिंदुस्थानातून निघाले, असं भाषा अभ्यासणारे सांगतात. इराण, आर्मेनिया, ग्रीस करत चारशे-पाचशे वर्षांनी स्पेनला पोचले. लोकांनी त्यांना हाकललं, बंद केलं, बोलायची बंदी केली. भाषा मोडली. पण तिचे तुकडे रस्त्यावर राहिले आणि आमच्या पोरांनी ते उचलले. चावाल. नानाय. एखादी गोष्ट भारी असली की आम्ही 'मोला' म्हणतो."

"मोल," विशाखा म्हणाली. "म्हणजे किंमत."

"हो, इथंही तेच लिहिलंय." त्यानं यादी वर सरकवली. "चावाल आणि मोला सगळा देश म्हणतो. पण पान्यी आणि बाल हे शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते. ते ज्यांच्या घरात बोलतात त्यांनाच येतात. आई म्हणायची, मी अनाथ, कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी वाढवलं."

बाहेर अजान झाली. त्यानं यादीत आणखी खाली पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला ती काय म्हणते? दाय?"

"हो. दाई." विशाखाला संकोच वाटला. "मोलकरणीला म्हणतात तसं, मला वाटलं."

"इथं लिहिलंय, दाय म्हणजे आई. आणि 'मी' म्हणजे आमच्या भाषेत 'माझी'."

पदर नव्हता म्हणून विशाखा ओढणीच तोंडाला लावून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. हारूनभाई बाहेर हॉर्न वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी गोन्झालो कामावर गेला नाही. तो आईच्या पलंगाशी बसला आणि त्यानं यादीतला एक शब्द कसाबसा उच्चारून तिला विचारलं की तुझी दाय कुठं आहे. बाईंनी त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की विशाखाला वाटलं त्या आता भिंतीकडे वळतील. पण त्या बोलल्या. दाय नाही, असा हात हलवला. मग म्हणाल्या, "त्रिनी." आणि हात पलंगाच्या बाजूला, जमिनीपासून तीन हातांवर धरला. खांद्यांवरून दोन वेण्या सोडल्यासारखं दाखवलं.

"त्रिनी कोण? पिता, पुत्र, पवित्र आत्मा, त्या त्रयीचं नाव घेतेय का?" गोन्झालोनं विचारलं.

"नाही सर. दायबरोबर आठवली, म्हणजे धाकटी बहीण असणार. एवढी होती तेव्हा सोडून आल्यात."

बाईंनी विशाखाकडे पाहून मान हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्यांच्या जन्मदाखल्यावर ग्वादिशचं नाव होतं, दक्षिणेकडचं गाव, जिथे डोंगरात कोरलेल्या घरांतून लोक राहतात. गोन्झालोनं तिथल्या नगरपालिकेत, मग चर्चमध्ये, मग बाजारात फोन लावले. पाचव्या दिवशी एका चप्पलवाल्यानं सांगितलं, त्रिनी म्हणजे कापडवाली ना? अजून शनिवारी गाडा लावते. त्रिनी त्र्याहत्तर वर्षांची होती. तिच्याकडून सगळं कळलं. त्यांची आई गावोगावच्या जत्रांत कापड विकायची. रेमेदिओसना शिकायचं होतं. त्या काळी खितानो मुलीला कुणी शिक्षिका म्हणून उभं केलं नसतं. अठराव्या वर्षी त्या घरातून निघाल्या, बोलण्याची ढब बदलली, उत्तरेला जाऊन राहिल्या आणि त्रेसष्ट वर्षांत परत फिरल्या नाहीत. वर्गातल्या पोरांच्या तोंडून 'चावाल' ऐकला की त्यांना राग यायचा की भीती वाटायची, हे आता कोण सांगणार?

स्काइपवर दोघींना समोरासमोर आणलं तेव्हा विशाखा पलंगामागे उभी होती. पडद्यावर काळ्या कपड्यातली, दात पडलेली, ताठ मानेची बाई होती. मग त्रिनी भराभरा बोलली. गोन्झालोनं नंतर सांगितलं, ती म्हणाली की आई मरेपर्यंत दार उघडं ठेवून झोपायची, आणि मला तुझं तोंड बघायचं नाही. एवढं म्हणून तिनं फोन बंद केला.

रेमेदिओसबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. विशाखानं त्यांचे केस सोडले, तेल लावलं आणि दोन वेण्या घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप वाजला. त्रिनीनंच फोन केला होता. ती काही न बोलता गाड्यावरचे कापडाचे ताके एकेक करून पडद्यासमोर धरत गेली, लाल, टिपक्यांचे, निळे, आणि रेमेदिओसबाई मान हलवून हवं-नको सांगत राहिल्या.

मार्चमध्ये डॉक्टरांनी विमान प्रवासाला परवानगी दिली. गोन्झालोनं दोन महिन्यांची रजा घेतली आणि आईला वायादोलिदला नव्हे, ग्वादिशला नेलं. विमानतळावर त्यानं विशाखाचे दोन्ही हात हातात घेतले. बाई मात्र व्हीलचेअरमधून वाकून वाकून बायकांचे बुरखे, पुरुषांचे पायघोळ दिशदाशे, सामानाच्या पेट्या बघत होत्या, जत्रेला निघालेल्या पोरीसारख्या.

विशाखाला लगेच दुसरा पेशंट मिळाला, हमरियातले एक गुजराथी आजोबा. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी ती घरी भाजी निवडत होती तेव्हा ज्ञानदाच्या टॅबवर गोन्झालोचा फोन आला. मागे पांढऱ्या चुन्याची, खिडकी नसलेली गुहेसारखी खोली होती. रेमेदिओसबाई बाजेवर बसून मटार सोलत होत्या, डाव्या हातानं. आणि त्रिनी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली होती. तिला विशाखाशी बोलायचं होतं.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मग त्रिनीनं पंजा उघडला आणि अंगठा धरून म्हणाली, "येके."

"एक," विशाखा म्हणाली.

"दुई."

"दोन."

"त्रिन," म्हणून तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि मागून रेमेदिओसबाई खुदकन हसल्या.

"तीन."

"एस्तार." "चार." "पांचे." "पाच!" हे ज्ञानदा ओरडली. ती कधी शेजारी येऊन बसली होती ते विशाखाला कळलंच नव्हतं. सहाला दोघींचे शब्द जरा लांब गेले, पण ओळख देत राहिले. सातला त्रिनी म्हणाली, "एफ्ता," आणि विशाखा अडली.

"ते ग्रीकांचं आहे," गोन्झालो मागून म्हणाला. "वाटेत घेतलेलं."

"आमचं सात कुठं गेलं मग?" ज्ञानदानं विचारलं.

विशाखानं ते इंग्रजीत विचारलं, गोन्झालोनं त्रिनीला सांगितलं. त्रिनीनं दोन्ही हात झटकले, जणू वाळू पडली हातांवरून, आणि पुन्हा अंगठा धरला. "येके," ती ज्ञानदाकडे बघून म्हणाली.